डाव्या मनगटावरची कॉपी

"घासू नका. घासलं की वास मरतो."

हिंजवडीला जाणाऱ्या आमच्या कंपनी बसमध्ये सर शेजारी बसायचे. माझ्याशी ते बोलले ते हे पहिलं वाक्य. मी नवा परफ्यूम लावून दोन्ही मनगटं एकमेकांवर घासत होतो.

सर पन्नाशीचे, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधले. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि प्रवासात परफ्यूमच्या. महागड्या ब्रँडची स्वस्त कॉपी कुणीही आणली, की ती ते डाव्या मनगटावर घेत आणि उजव्यावर ओरिजिनल. ओरिजिनलच्या इवल्याशा सॅम्पल बाटल्या त्यांच्या खिशातच असत. मग घड्याळ बघून म्हणत, "आत्ता विचारू नका. पहिली पाच मिनिटं सगळेच सभ्य असतात."

निकाल वाकडच्या पुलावर लागे. मी बुधवार पेठेतून आणलेल्या बाटलीला त्यांनी एवढंच ऐकवलं, "दुरून छान आहे. तुम्ही दुरूनच राहा."

पण माणूस ब्रँडला भुलणारा नव्हता, हेही सांगायला हवं. बसमधल्या एकीनं हडपसरच्या बाजारातून आणलेली कॉपी त्यांनी तीनदा हुंगली. "ही ओरिजिनलपेक्षा बरी. डोकं दुखत नाही," म्हणाले, आणि दुकानाचा पत्ता लिहून घेतला.

आमचे ड्रायव्हर मामा मांजरी गावचे. एका सकाळी बस सुटण्याआधी ते बाटली घेऊन आले.

"सर, पोरीनं पहिल्या पगारातनं सेंट आणलाय. लई भारी कंपनीचा हाय म्हणती. जरा बघा की."

बाटलीवरच्या नावात एक अक्षर चुकलं होतं. मला दिसलं, म्हणजे सरांना दिसलंच असणार. त्यांनी डाव्या मनगटावर फवारा घेतला. उजवं मोकळंच ठेवलं.

"ओरिजिनल नाही लावत?" मी हळूच विचारलं.

"आज आणलेलं नाही."

बस सुटली आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला त्यांच्या खिशातल्या बाटल्या किणकिणल्या.

वाकड येईपर्यंत लिंबाचा वास उडून गेला आणि नुसतं स्पिरिट उरलं. ते मलाही कळत होतं. सिग्नलला मामांनी आरशातून विचारलं, "खरा हाय ना, सर?"

सगळी बस कान देऊन बसली होती. सर उठून पुढे गेले. "मामा, लेकीला सांगा, निवड उत्तम आहे. रोज लावत जा."

मामा इतके खूश झाले, की आम्ही उतरताना दारात उभं राहून त्यांनी प्रत्येकाच्या शर्टावर एकेक फवारा मारला. सरांवर तीन. दुपारी मीटिंगमध्ये मॅनेजरनं नाक मुरडून विचारलं, "हा कसला वास?"

"माझा," सर म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले.

मागच्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. नाशिकला मुलाकडे राहायला गेले. शेवटच्या संध्याकाळी ते उतरले, तेव्हा मामांनी खाली येऊन त्यांची बॅग रिक्षापर्यंत पोचवली. मग परत सीटवर बसले, पण बस काही हलवेनात. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. रिक्षा कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत आमच्यातलं कुणीच त्यांना 'चला' म्हणालं नाही.