न गेलेल्या पाड्याची बातमी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर सर्वात आधी सांगायला हवं होतं. का, ते पुढे कळेल.

शहाद्यात राहून मी जिल्ह्याच्या बातम्या लिहितो. निवडणूक आली की संपादकांचा फोन ठरलेला: "आपल्या त्या मतदारसंघाचा इतिहास आणि भवितव्य, एवढं लिहून टाका." आमचा हा मतदारसंघ डोंगरातला, राखीव. समुद्र इथून कितीतरी लांब, पण धरणाचं पाणी चढलं तसा त्यालाही किनारा आला. अर्धे पाडे आता होडीनेच गाठायचे. जागा मात्र सुरक्षित. आधी वडील निवडून येत, मग मुलगा. समोर कोण उभं आहे, हे लोक निकालानंतर विचारायचे. अशा जागेवर लिहायला असतं तरी काय? जुना मजकूर काढायचा, वर्ष बदलायचं, छापायला द्यायचा. मी तेच करत आलो.

एका वर्षी जयवंतीताई उभ्या राहिल्या. त्या सरकारी नर्स होत्या. नर्मदाकाठच्या पाड्यांवर त्यांनी बारा-पंधरा वर्षं बाळंतपणं केली, तापातली पोरं खांद्यावर घेऊन घाट चढल्या. मग नोकरीचा राजीनामा दिला आणि अपक्ष अर्ज भरला. चिन्ह शिलाई मशीन. लोक हसले. खोटं कशाला बोलू — मीही हसलो.

पण संपादकांना या वेळी ताजं काहीतरी हवं होतं. "काठावर जा, लोक ताईंबद्दल काय म्हणतात ते आणा." मणिबेलीच्या बाजूचा एक पाडा ठरवला. जीपने धक्क्यापर्यंत गेलो. होडी निघून गेली होती, दुसरी दुपारनंतर होती, म्हणून मी तिथेच बसून —

नाही. हेही खोटंच लिहितोय. इतकी वर्षं स्वतःला सांगून सांगून हात आपोआप तसाच वळतो.

होडी होती. माझ्या पुढ्यात होती. होडीवाला म्हणाला, "चला साहेब, पाणी शांत आहे." मी त्या पाण्याकडे पाहिलं. खाली बुडालेलं गाव, त्यावर न दिसणारी खोली, आणि मला पोहता येत नाही. पाय उचलला नाही. "ऑफिसचा फोन येणार आहे," असं म्हणून मी मागे फिरलो. होडी माझ्याशिवाय गेली.

मग धक्क्यावरच्या टपरीत मासे-भात खाल्ला आणि तिथेच बातमी लिहिली. पाड्याचा एक कारभारी मनानेच तयार केला, त्याच्या तोंडी वाक्य घातलं: "ताई आता शहराची झाली. ती आली तरी आम्ही तिला बसायला खाट टाकणार नाही." वाक्य जमलं होतं. मला बरंही वाटलं. रविवारी चौकटीत छापून आलं.

चार दिवसांनी जयवंतीताई माझ्या दारात उभ्या. मला वाटलं, भांडायला आल्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, बाकीच्या पेपरांनी माझं नावसुद्धा छापलं नाही. तुम्ही निदान लिहिलं. आणि आधी कळलं ते बरं झालं. मी त्या पाड्यावर जाणारच होते. आता नाही जात. माझ्याच माणसांसमोर अपमान नको."

मी काय केलं? चहा मागवला. त्या चहा प्यायल्या, आभार मानून गेल्या.

निकाल लागला तो नेहमीचाच. तो पाडा सगळाच्या सगळा ताईंकडे वळला असता तरी जागा हलली नसती. ही समजूत मी स्वतःला पुष्कळदा घातली आहे. पण ताईंना तरी कुठे वाटलं होतं की त्या निवडून येतील? त्यांना आपल्या माणसांनी आपल्याला हाक मारलेली ऐकायची होती.

तीन-चार वर्षांनी अधिकाऱ्यांच्या मोठ्या लाँचमधून, अंगात लाइफ जॅकेट घालून, मी एकदाचा त्या पाड्यावर पोचलो. वेस्तादादा नावाच्या म्हाताऱ्याने माझ्यासाठी खाट टाकली. खरी खाट, वर नवी गोधडी. मी पेपरवाला आहे म्हटल्यावर तो सांगू लागला. "नर्सताई उभी होती ना, तेव्हा येणार म्हणून सांगावा आला होता. आम्ही ढोल काढला, कोंबड्या कापल्या. जिच्या जिच्या पोरी ताईच्या हातात जन्मल्या, त्या सगळ्या बाया काठावर जाऊन बसल्या. सूर्य पार डोंगरावर टेकला. ताई आली नाही." पुढे म्हणाला, "आम्ही लहान माणसं. तिला लाज वाटली असेल आमची. मग एका लग्नात भेटली, तर आमच्या बाया तिच्याशी बोलल्या नाहीत."

म्हणजे माझं खोटं नंतर खरं झालं होतं. आणि दोन्हीकडे कुणालाच माहीत नव्हतं की ते वाक्य मी मनाने रचलंय. तेव्हा तोंड उघडता आलं असतं. मी गोधडीवर बसून राहिलो, मोहाच्या दारूचा द्रोण पुढे आला तो घेतला आणि परत लाँचमध्ये चढलो.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बायकोचं, सुशीलाचं, अर्धं अंग गेलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिला तोंडही धुता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी जयवंतीताई आल्या. त्या तेव्हा म्हसावदच्या एका खासगी दवाखान्यात काम करत होत्या. ड्यूटी संपली की एसटीने शहाद्याला येत. कुणी बोलावलं नव्हतं. सुशीलाला कुशीवर वळवत, पाठ पुसत, हाताला चेंडू देऊन म्हणत, "दाब, माय, अजून दाब." हे आठ महिने. माझा चेहरा उतरलेला दिसला की मलाही सांगत, "भाऊ, तुम्ही आधी जेवून घ्या."

आज सुशीला काठीशिवाय अंगणभर फिरते. कुणीही आलं की तिच्या अहिराणी वळणाने सांगते, "त्या बाईमुळे मी उभी शे." मी मान डोलावतो. आयुष्यात मला इतकं कुणी दिलेलं नाही. सकाळी न्हाणीघरातून तिच्या पावलांचा आवाज आला की मी मनातल्या मनात ताईंना हात जोडतो — आणि हात जोडताना प्रत्येक वेळी मला ठाऊक असतं, मी कुणाला हात जोडतोय ते.

आता पुन्हा निवडणूक जवळ आली आहे. भवितव्य विचाराल तर जागा सुरक्षितच आहे. एवढं एका ओळीत संपतं. उरलेल्या जागेत हे लिहितो आहे. ताई हा पेपर घेतात. त्या पाड्यावरही आता शाळा शिकलेल्या पोरी आहेत, त्या वेस्तादादाला वाचून दाखवतील.

तर ताई, तुमच्याबद्दल त्या पाड्यावर कुणी वाईट शब्द काढला नव्हता. ते वाक्य माझं होतं. त्या दिवशी बाया संध्याकाळपर्यंत काठावर बसून तुमची वाट बघत होत्या.