ग्रुपवर टाकलेलं मूळ

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून मोबाइलमधल्या ज्या दोन गोष्टींनी आमच्या घराचा विचका केला, त्यांची नावं त्यांनी रंगांवरून पाडली आहेत. ज्यावर निरोप येतात ते हिरवं. ज्यावर लोक आपलेच फोटो टांगून आपणच खुश होतात ते निळं. माझा थोरला भाऊ हिरव्याचा, धाकटा निळ्याचा, आणि मी मूर्ख दोन्हींवर.

थोरल्याने हिरव्यावर घरच्यांचा ग्रुप काढला आणि उजाडल्यापासून त्यावर फुलं, देव आणि सुविचार ओतायला लागला. धाकट्याने एकदा लिहिलं, "दादा, आवरा आता." थोरल्याला ते लागलं. त्यावरून वाजलं, धाकटा ग्रुप सोडून गेला आणि म्हणू लागला, ज्याला माझी खुशाली हवी असेल त्याने निळ्यावर यावं. थोरला म्हणाला, घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडायला मी मोकळा नाही. दोघं राहतात एकाच भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. एकाकडे मिरचीची फोडणी पडली की दुसरा शिंकतो. पण बोलायचं म्हटलं की एकाला हिरवं हवं आणि एकाला निळं.

गेल्या आखाजीला त्याचं फळ माझ्या पदरात पडलं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे ती लेकींची. सासरच्या लेकीला न्यायला माहेरचं माणूस येतं, त्याला आम्ही मूळ म्हणतो. लेक आपण होऊन जात नाही, नवऱ्याने नेऊन सोडलेलंही चालत नाही, आणि मूळ मागून घेणं तर फारच लाजिरवाणं. माझं सासर दोंडाईचाचं, माहेर धरणगावजवळच्या खेड्यातलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, एकदाही मूळ चुकलं नव्हतं. आई चार दिवस आधीपासून भावांच्या मागे लागायची. आता आई नव्हती. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात; तिच्या नावाची पहिली घागर या आखाजीला भरायची होती. आई गेल्यावर आपलं माहेर उरलं आहे की नाही, हे मला त्या मुळावरून कळणार होतं. दुसऱ्या कोणाला त्यात काही वाटो न वाटो, माझा जीव त्यात अडकला होता.

तीन दिवस आधी थोरल्याने ग्रुपवर टाकलं, "ताईला आणायला धाकट्याने जावे." खाली सगळ्या नातेवाइकांचे जोडलेले हात. धाकटा त्या ग्रुपमध्ये नव्हताच! त्याच संध्याकाळी धाकट्याने निळ्यावर कडुलिंबाला बांधलेल्या झोक्याचा फोटो लावला. वर लिहिलं होतं, "ताई येणार! दादा आणायला जाणार!" त्याखाली बदामच बदाम. सुरतेच्या कोणा अनोळखी बाईने लिहिलं होतं, किती छान कुटुंब. थोरला निळं उघडत नाही.

मी दोन्ही वाचत होते. तळपायाची आग मस्तकाला गेली. "अरे, निघालं कोण आहे?" असं मी ग्रुपवर लिहिलं, मग पुसलं. निळ्यावर लिहिलं, तेही पुसलं. ते लिहिणं म्हणजे मूळ मागणंच झालं असतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळपासून मी नवं लुगडं नेसून, पिशवी भरून बसले. धरणगावकडून येणारी प्रत्येक गाडी मी कानांनी मोजत होते. दुपार कलली तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, "कोनी उनं नई का वं?" त्या टोमणा मारत्या तर बरं झालं असतं. नवरा म्हणाला, "मी सोडतो ना." मी त्याच्यावरच खेकसले. तेवढ्यात फोन वाजला. थोरल्याचा निरोप होता. घागरीचं चित्र आणि आखाजीच्या हार्दिक शुभेच्छा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने मी एकटी निघाले. मुळाशिवाय, अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. आईची घागर माझ्याविना भरली असती तर मी स्वतःला माफ केलं नसतं.

फाट्यावर रिक्षातून उतरून चालत घरी पोचले. आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे पाहिलं.

"कोन उना तुले लेवाले?"

न्यायला कोण आलं, हे मी सांगायच्या आत दोघे भाऊ आपापल्या दारातून बाहेर आले.

"मी ग्रुपवर टाकेल व्हतं ना!" थोरला म्हणाला.

"मी त्या ग्रुपमाच नई शे!" धाकटा म्हणाला. "मनी पोस्ट कोनी वाचीच नई का?"

आणि लागले भांडायला. कित्येक महिन्यांनी तोंडाने बोलत होते ते, आणि माझी पिशवी अजून माझ्याच हातात.

आबांनी काठी आपटली. "बठ्ठास्ले सांगं. मंग लेवाले कोन गया?"

सगळ्यांना सांगून झालं, मग आणायला गेलं कोण, एवढंच त्यांना विचारायचं होतं. आबांनी टोपी घातली, वहाणा सरकवल्या आणि मला म्हणाले, "चाल." मला वाटलं, एकटी आले म्हणून परत पाठवताहेत. ऐंशीच्या घरातला माणूस त्या उन्हात दोनदा थांबून फाट्यापर्यंत गेला. मी पिशवी घेऊन मागे, आणि भाऊ माझ्या मागे. फाट्यावर रिक्षा थांबते त्या जागी आबांनी मला उभं केलं. मग मी आत्ताच उतरले आहे अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"बाई, मी तुले लेवाले येल शे," ते म्हणाले. "चाल, मायनी घागर भरनी शे."

इतका वेळ धरून ठेवलेलं रडू मग थांबेना. डोळे पुसून पाहते तर धाकट्याने फोटोसाठी फोन वर धरलेला, आणि थोरल्याचाही हात खिशात गेलेला.

"फोन ठेवा रे!" मी ओरडले. "पह्यले पिशवी धरा."