तांबड्या दिव्याने अडवलेली वाट

त्या वर्षी दिवाळी सरली आणि मी देव्हाऱ्यातलं निरांजन लावायचं बंद केलं. देवाशी भांडण वगैरे काही केलं नाही. भांडायलाही अंगात थोडी उमेद लागते, ती माझ्यात उरली नव्हती. हिला अर्धांगवायूचा झटका येऊन वर्ष होत आलं होतं. उजवी बाजू गेलेली, बोलणं जडावलेलं, आणि डॉक्टर दर खेपेला एकच सांगायचे, "आहे ते टिकवा." टिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नव्हतं. मी भिंगारला लष्कराच्या एका डेपोत मुलकी नोकर, गाड्यांच्या सुट्या भागांचा स्टोअरकीपर. कोणत्या इंजिनाला कोणता भाग लागतो ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. घरात मात्र डोळ्यांदेखत एक माणूस विझत चाललं होतं आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

हिचं मागणं एकच होतं. आमचं कुलदैवत नेवाशाचा मोहिनीराज. लग्नानंतर आम्ही जोडीने पहिल्यांदा गेलो ते तिथेच, आणि पुढे एकही वर्ष चुकलं नाही. आजारपणात ते पहिल्यांदा चुकलं. बाकीचे शब्द तिच्या तोंडात अडखळायचे, "नेवासं" मात्र ती स्वच्छ म्हणायची. एसटीत तिला बसवणं शक्य नव्हतं. मग मी एका धर्मादाय दवाखान्याची मोडीत निघालेली जुनी डिझेलची रुग्णवाहिका घेतली आणि सुट्टीच्या दिवशी तिच्यात घर बांधायला बसलो. पलंग, स्टोव्हची फळी, पाण्याचं पिंप, मधोमध भोक पाडलेली खुर्ची, सगळं आत बसवलं. शेजारी चेष्टा करायचे, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तुमचं चाकावर." मी मनावर घेत नसे. हिला थंडी आणि धूळ दोन्ही बाधायच्या, म्हणून खिडक्यांची एकूण एक फट मी नमद्याच्या, जाड दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्यांनी बुजवली. आणखी एका गोष्टीचा मला फार अभिमान होता. इतर डिझेल गाड्या मागे काळी शेपटी सोडत जायच्या, माझ्या गाडीच्या नळीतून धूर जवळजवळ दिसायचाच नाही. येईल त्याला मी ते मुद्दाम दाखवायचो.

थंडी पडू लागली तसे आम्ही निघालो. हिची धाकटी बहीण शालन कोपरगावहून आमच्याकडे येऊन राहिली होती; नवरा गेल्यापासून तिला दुसरं घर नव्हतं, आणि हिचं सगळं तीच करायची. शालन मागे हिच्याजवळ बसली. नगर सोडून जेऊर गाठेपर्यंत तिला मळमळून उलटी झाली. "दाजी, मला गाडी लागती," म्हणून ती पुढे माझ्या शेजारी येऊन बसली, आणि हिला आम्ही मधल्या काचेतून बघत राहिलो. इमामपूरचा घाट चढताना डॅशबोर्डावर ऑइलचा तांबडा दिवा लागला. हा दिवा लागला की इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, नाहीतर ते जळून जातं, हे गाडीवाल्यांचं पोरसुद्धा जाणतं. मी थांबलो, ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली, ऑइल भरपूर. इंजिनाचा आवाजही ठीक. दिवा मात्र तसाच. मागे जाऊन बघतो तर हिचं डोकं ठणकत होतं, नजर ठरत नव्हती. मी गाडी गार होऊ दिली आणि हळूहळू भिंगारला परत आणली. घरी दोन दिवसांत ही पहिल्यासारखी झाली.

मिस्त्रीने दिव्याचं बटण बदललं, ऑइल बदललं, पंप उघडून बघितला. काही सापडलं नाही. आम्ही पुन्हा निघालो आणि पुन्हा त्याच चढावर तांबडा दिवा लागला. या खेपेला ही हाका मारूनही धड उठेना. परत आणल्यावर डॉक्टर म्हणाले, कदाचित आणखी एक बारीक झटका येऊन गेला असेल, आता प्रवास नको. शालन चुलीपुढे बसून हलकेच म्हणाली, "दाजी, देवाच्याच मनात न्हाई." मलाही तेच वाटत होतं. यंत्रात दोष नाही, ऑइल कमी नाही, आणि तरी प्रत्येक वेळी त्याच जागी तांबडं बोट उभं राहतं, याचा दुसरा अर्थ काय लावायचा? ज्याच्या दारात इतकी वर्षं गेलो त्याने आमच्यासाठी दार लावून घेतलं होतं. त्या दिवसांत मी डेपोत कामाला जायचो, यायचो, हिला भरवायचो, आणि कोणाशी बोलायचो नाही. आपण किती एकटे आहोत हे मला त्या महिन्यात समजलं.

पुढे हिची तब्येत खरोखरच उतरत गेली. एके सकाळी तिने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "नेवासं." तिच्या डोळ्यांत असं काही होतं की नाही म्हणणं माझ्याने झालं नाही. वाटेत इंजिन जळालं तर जळू दे, असं मी ठरवलं. देवघरातली मोहिनीराजाची छोटी तसबीर काढली, मागे खळ लावली आणि ती बरोबर त्या तांबड्या दिव्यावर चिकटवली. गाडीत देव चिकटवतात ते रक्षणासाठी. मी चिकटवला तो त्याचाच नकार मला दिसू नये म्हणून. वर झेंडूची माळ घातली. मला भक्ती आली होती असं कोणी समजू नये, मी हट्टाला पेटलो होतो.

घाटात गाडी ओढेना. दोन महिन्यांपूर्वी जी सहज चढली होती ती आता बैलाने मान टाकावी तशी करत होती. कशीबशी वर आली, पांढरीच्या पुलापाशी सपाटीला लागली, आणि उन्हाने, इंजिनाच्या धगीने सुकलेली ती तसबीर सुटून शालनच्या मांडीवर पडली. दिवा लागलेलाच होता. कधीपासून, कोण जाणे. तरी मी थांबलो नसतो. पण शालनने तसबीर उचलून कपाळाला लावली, मागे वळून काचेतून बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. मीही वळून बघितलं. हिचा हात पलंगाखाली लोंबत होता.

रस्त्याच्या कडेला एक निंब होता. पाथर्डीकडची ऊसतोडणीची टोळी तिथे बैल सोडून भाकरी खायला बसली होती. मी गाडी तिथेच उभी केली आणि मागचं दार उघडलं. हिला हलवलं, हाका मारल्या. श्वास चालू होता, पण मध्ये मध्ये इतकी खीळ पडायची की आता पुढचा येतच नाही असं वाटायचं. शालनने टाहो फोडला. मला रडू आलं नाही. माझ्या मनात एवढंच आलं, की देवाने नको म्हटलं होतं, मी ऐकलं नाही, आणि आता तो ती वसुली करतो आहे.

शालनचा आवाज ऐकून टोळीतली एक म्हातारी उठून आली. पायरीवर चढून तिने आत डोकावलं, हिच्या तळपायाला हात लावला, आणि शांतपणे माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, असा गाडीत नगं जीव जाऊ दिऊ. खाली घ्या तिला. भुईवर घ्या."

मरणाऱ्या माणसाला खाटेवरून उतरवून जमिनीवर घ्यायचं, ही आपली रीत. मी स्वतःच्या आईला तसं घेतलेलं आहे. पण त्या क्षणी म्हातारीचा मला असा संताप आला, की तिला ढकलून दार लावून घ्यावं. मी म्हणालो, "तिला थंडी बाधते." म्हातारी जराही रागावली नाही. "आता कसली थंडी बाधती तिला," एवढंच म्हणाली, आणि माझ्या दंडाला हात लावला. वर्षभर मी जे काही मुठीत धरून ठेवलं होतं ते त्या हाताबरोबर गळून पडलं. मी बाजूला झालो.

टोळीतल्या दोघांनी हिला उचललं. म्हातारीने निंबाखालची जागा तळहाताने झाडली, पाणी शिंपडलं, आणि उत्तरेला डोकं करून हिला भुईवर निजवलं. तांब्यातलं पाणी बोटाने हिच्या ओठांवर सोडलं. "राम म्हन, बाबा," ती मला म्हणाली. माझ्या तोंडून राम निघेना. मी हिच्या उशाशी बसलो आणि मनातल्या मनात मोहिनीराजाला म्हणालो, घेऊन जा. तुझीच आहे. मी आता मागत नाही. इतकी वर्षं हात जोडले, पण मागणं नसलेले हात मी त्या दिवशी पहिल्यांदा जोडले. मला काही शांती वगैरे लाभली नाही. नुसता रिकामा झालो.

मोकळं वारं सुटलं होतं. बायका पदर तोंडाला लावून गोल बसल्या होत्या. आम्ही सगळे एका माणसाच्या जाण्याची वाट बघत होतो आणि ते माणूस जात नव्हतं. श्वासांतली खीळ हळूहळू कमी झाली. ओठांवर जरा रंग आला. मग ही खोकली, चांगली दणकून खोकली, आणि डोळे उघडून निंबाच्या फांद्यांकडे बघत राहिली. मग मान वळवून तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चहा."

म्हातारीच पहिली भानावर आली, सुनेला म्हणाली, "ऊठ गं, बाईला च्या टाक." तीन दगडांवर आधण चढलं. गुळाचा, बिनदुधाचा तो चहा शालनने हिला बशीने पाजला, आणि त्यातला निम्मा लुगड्यावर सांडला.

मी हिच्याकडे बघत बसलो होतो. डोक्यात कुठेतरी काहीतरी हललं. घरी आणल्यावर ही सुधारायची. गाडीत मागे बसल्यावर शालनला उलटी झाली होती. पुढे आली आणि बरं वाटलं. मी उठून गाडीत मागे चढलो, गुडघे टेकले आणि खालची सतरंजी ओढून काढली. रुग्णवाहिकेचं स्ट्रेचर जिथे बसवलेलं होतं तिथली बोल्टांची भोकं तशीच होती, आणि प्रत्येक भोकाभोवती काजळी धरलेली. टोळीतल्या एका गड्याला पेडल दाबायला सांगून इंजिन चालू केलं. भोकांतून धूर वर आला. इंजिन बंद करून, जरा निवू देऊन, खाली सरपटत गेलो. सायलेन्सर काजळीने बुजून दगड झाला होता. मागची वाट बंद झाल्यावर धुराने जवळची वाट काढली होती; पलंगाच्या बरोबर खाली नळीचा सांधा सुटला होता. माझी गाडी मागून धूर सोडत नव्हती ती यामुळे. तो सगळा धूर मी माझ्या हाताने फटी बुजवलेल्या खोलीत हिला पाजत होतो. आणि त्या सांध्याला लागूनच ऑइलच्या दिव्याची तार गेलेली होती. धगीने तिचं आवरण जळून उघडी तार लोखंडाला टेकत होती. चढावर नळी तापली, गाडी हादरली, की दिवा लागायचा. ऑइलबद्दल तो दिवा पहिल्यापासून खोटं सांगत होता, आणि हिच्याबद्दल पहिल्यापासून खरं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, तसं आम्ही पंप उघडत बसलो होतो.

मी गाडीखालून बाहेर आलो आणि म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं. ती चटकन मागे सरली. "म्या काय केलं, बाबा? म्या तर मरनाचं सांगितलं हुतं," म्हणाली. तिला पुढे कारखान्यावर पोचायचं होतं. बैल जुंपले, गाड्या हलल्या. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

शालनच्या जुन्या लुगड्याची चिंधी तारेला गुंडाळून मी ती नळीपासून दूर बांधली. दिवा विझला. सगळ्या खिडक्यांचा नमदा उपटून तो खालच्या भोकांत कोंबला, हिला पुढे माझ्या शेजारी उपरण्याने बांधून बसवलं, शालन मागचं दार सताड उघडं टाकून बसली, आणि फुटक्या सांध्याचा दणदणाट करत आम्ही दुपारी नेवाशात शिरलो. देवळात हिला खुर्चीवर बसवून उचलून नेलं. घरून निघताना मी हिचं आयुष्य मागायला निघालो होतो. समोर उभा राहिलो तेव्हा मागायचं काही आठवेना. डोकं टेकलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसून खूप रडलो.

त्या रात्रीपासून निरांजन पुन्हा लागलं. तो चमत्कार होता का, असं मला कोणी कोणी विचारतं. तार का जळाली, सांधा का सुटला, हे मी कागदावर काढून दाखवू शकतो. खळ नेमकी तिथेच का सुटली आणि त्याच निंबाखाली ती म्हातारी भाकरी का खात होती, हे मला सांगता येत नाही, आणि मी सांगायला जातही नाही. मला समजलं ते एवढंच, की मी जपत होतो तोवर ती गुदमरत होती, आणि मी सोडली तेव्हा तिला श्वास आला. यासाठी मी मोहिनीराजाचा ऋणी आहे.

त्यानंतर काही वर्षांनी ही गेली, भिंगारला, घरातच, सकाळच्या वेळी. शालन म्हणाली, "दाजी, खाली घ्या आता." मी तळहाताने फरशी झाडली, पाणी शिंपडलं, हिला भुईवर घेतलं आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मग शालनला चहाचं आधण ठेवायला सांगितलं. तिने काही न विचारता ठेवलं. ते सगळं आटून जाईपर्यंत आम्ही दोघं हिच्याजवळ बसून राहिलो.