सरदारांचे दिवे

"मुलाचा चेहरा कुठाय?" लोरेननं विचारलं.

नव्वदच्या दशकात मी ह्यूस्टनच्या एका म्युझियममध्ये लाइटिंग डिझायनर होते. लोरेन चित्रकार. मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेली आई जुन्या युरोपियन चित्रांत असते ना, तीच मांडणी तिनं घेतली होती. फक्त आई काळी होती, आणि खरी होती. तिच्या मुलाला गोऱ्या पोरांच्या टोळक्यानं ठार मारलं होतं. त्याच संध्याकाळी ओपनिंगला ती स्वतः येणार होती.

चित्र दोन युरोपियन सरदारांच्या पोर्ट्रेट्सच्या मधोमध लावलेलं. सरदारांचे गोरे गाल झळकत होते. लोरेनच्या चित्रात मात्र पांढरी चादर तेवढी दिसत होती, चेहरे काळोखात बुडाले होते.

"सगळ्यांना सारखे लक्स दिलेत," माझा बॉस फ्रँक म्हणाला. लक्स म्हणजे चित्रावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप. जास्त प्रकाशानं रंग उडतात, म्हणून त्याला मर्यादा असते. आम्ही ती गाठली होती. "वाढवता येणार नाही. सॉरी."

"मग मी चित्र उतरवते," लोरेन म्हणाली. "पोरगं पुन्हा नाहीसं झालेलं दाखवू तिला?"

माझं डोकं तापलं. माझ्या लग्नात नागपूरच्या फोटोग्राफरनं 'चेहरा उठत नाही' म्हणत माझ्या तोंडाला पावडर फासली होती. चूक तोंडाची नव्हती, हे मला लाइटिंग शिकल्यावर कळलं. डोळा सगळ्यात उजळ वस्तूशी जुळवून घेतो, मग शेजारच्या गडद रंगातलं त्याला काही दिसत नाही. म्हणजे प्रकाश वाढवायचाच नव्हता!

"फ्रँक, सरदारांचे दिवे डिम करू या."

"लोक त्यांनाच बघायला येतात."

"आज नाही."

तो पुढे काही बोलेपर्यंत मी शिडीवर होते. सरदार मंद केले. आईच्या दिव्याला झडपा लावून चादरीवरचा उजेड कापला. खालून लोरेन म्हणत होती, "अजून थोडं. अजून." आईच्या गालातला तांबूस रंग वर आला, मग जांभळट. मग मुलाच्या पापण्या.

संध्याकाळी ती आई आली. चित्राच्या अगदी जवळ गेली.

"भुवईवरचा व्रण सायकलवरून पडल्याचा," ती लोरेनला म्हणाली. "तोही रंगवलास तू."

थोड्या वेळानं एक गृहस्थ तक्रार घेऊन फ्रँककडे आले. सरदारांचे चेहरे नीट दिसत नव्हते म्हणे.

"दिवे बरोबर आहेत," फ्रँक म्हणाला. "जरा थांबा, डोळ्यांना सवय होऊ द्या."

तेव्हापासून मी लक्स मीटर शेवटी बाहेर काढते. आधी कोण दिसत नाहीये, ते बघते.