नंबरवाल्या ताईंचा तक्ता

चष्म्याच्या दुकानातल्या आतल्या अंधाऱ्या खोलीत डोळे तपासणाऱ्या बाईंना सगळे नंबरवाल्या ताई म्हणत. बावीस वर्षं त्यांचं स्टूल तेच आणि समोरच्या दिव्याच्या पेटीतला तक्ताही तोच. वर इंग्रजीचं एक दांडगं अक्षर, आणि खाली उतरता उतरता मुंगीएवढ्या होत गेलेल्या ओळी. "वाचा," ताई म्हणायच्या. गिऱ्हाईक अडखळलं की भिंग बदलायचं. नुसत्या चालीवरून नंबर ओळखतात आमच्या ताई, असं मालक येईल त्याला ऐकवायचे.

म्हणूनच शिवणकारखान्यातली ती बाई तिसऱ्यांदा दारात उभी राहिली, तेव्हा ताईंनी आधी बाहेर मालकाकडे पाहिलं.

"डोकं ठणकतंय हो ताई, आणि शिवण वाकडीच जातेय," ती म्हणाली. "सुपरवायझरनं सोमवारपर्यंत मुदत दिलीय. नाही सुधारलं तर माझं मशीन दुसरीला देणार."

आधीच्या दोन्ही खेपांना हिला ते वरचं दांडगं अक्षरसुद्धा दिसलं नव्हतं. ताईंनी भिंग जाड केलं होतं, मग आणखी जाड केलं होतं. आज सोबत लेक होती. तिसरीतली, इंग्रजी शाळेच्या गणवेशातली, दोन वेण्यांची.

"आईची परीक्षा आहे?" तिनं विचारलं.

"तू गप उभी राहा गं मागे," आईनं दटावलं.

ताईंनी चष्मा काढायला लावला आणि वरून सुरुवात केली. आणि काय नवल! बाई घडाघडा वाचत सुटली. पहिली ओळ, चौथी ओळ, शेवटची ओळ. त्याखाली तक्ता छापणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात असतं, ते ताईंनी स्वतःही कधी वाचलं नव्हतं. बाईनं तेही सांगून टाकलं.

ताईंनी हळूच मान वळवली. खुर्चीमागे लेकीचे ओठ हलत होते. पोरीची नजर घारीची!

आता पोरीसमोर आईला कसं विचारायचं? "हा तक्ता हल्ली सगळे पाठच करून येतात," ताई पुटपुटल्या आणि त्यांनी तो पेटीत उलटा बसवला. मागच्या बाजूला अक्षरं नव्हती, नुसती जेवणाच्या काट्यासारखी तीन दांड्यांची खूण, ओळीओळीनं. कुठे दांडे वर, कुठे खाली, कुठे आडवे. "बोलायचं काही नाही. दांडे कुणीकडे, तेवढा हात करून दाखवा."

बाईनं हात केले. एक चूक नाही. मग ताईंनी सुईदोरा पुढे केला, तर तिनं सुई हात ताठ करून लांब धरली. बस्स, उलगडा झाला. लांबचा नंबर नव्हताच मुळी. जवळचा होता, तोही हलकासा.

"तुम्ही 'वाचा' म्हणालात ना," बाई खालच्या आवाजात म्हणाली. "दिसत होतं मला सगळं. पण इंग्रजी येत नाही, हे कसं सांगायचं? त्यापेक्षा दिसत नाही म्हटलेलं बरं. आणि हिला तर अजिबात कळू द्यायचं नव्हतं. रोज वह्या तपासते मी हिच्या."

"मला पहिलीपासून माहितीय," लेक म्हणाली. "टीचरनी वहीत लिहिलं होतं, ही वर्गात फार बडबडते. तू खाली 'शाब्बास' लिहून सही केलीस."

आईनं कपाळावर हात मारला. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"कशाला सांगू? शाब्बास होतं ना!"

ताईंना हसू आवरेना. नवा चष्मा त्यांनी मालकाच्या मागे लागून शनिवारीच करून घेतला. सोमवारी शिवण सरळ गेली, मशीन बाईकडेच राहिलं. ताईंना मात्र चैन पडेना. बावीस वर्षांत अशी किती नाकं आपण उगाच जाड भिंगांच्या ओझ्याखाली घातली असतील?

त्या दिवसापासून त्या सगळ्यांना आधी काट्याची बाजूच दाखवू लागल्या. पहिले सापडले ते कॉलेजात इंग्रजी शिकवणारे सर.

"अहो, मला वाचता येतं!" ते फणकारले.

"ते मी विचारलंच नाही, सर. दांडे कुणीकडे, तेवढं सांगा."

सरांनी आजूबाजूला पाहिलं आणि नाइलाजानं हात वर केला.