चेंडूच्या आत काय आहे?

मी नागपुरात नेमकं काय करते, हे आईला कधी नीट समजलं नव्हतं. जड चेंडू घरंगळवत सोडून टोकाच्या बाटलीसारख्या पिना पाडायच्या, अशा खेळाच्या, एका मॉलमधल्या बोलिंग सेंटरमध्ये मी काउंटरवर लागले, गिऱ्हाईक नसेल तेव्हा खेळायला शिकले आणि पुढे स्पर्धांनाही जाऊ लागले. आमच्या गावाहून, केशोरीहून ती फोनवर विचारायची, "चेंडू फेकतेस म्हन्तेस, पर कायले?" म्हणून धानाची कापणी आटोपल्यावर सुट्टी मिळाली तेव्हा मी माझा चेंडूच सोबत घेऊन निघाले.

चेंडू म्हणजे लहान कोहळ्याएवढा, काळानिळा, सहा किलोच्या वर वजनाचा, बोटांसाठी तीन भोकं पाडलेला. आमच्या सेंटरमध्ये तसला एक चेंडू अर्धा कापून ठेवला होता. आत वेगळ्याच रंगाचा, विजेच्या बल्बच्या घाटाचा जड गाभा. आमच्या प्रशिक्षकांनी त्यावर बोट ठेवून मला सगळं समजावलं होतं. साध्या चेंडूचा गाभा सगळीकडून सारखा असतो, म्हणून तो बहुतेक सरळ जातो. माझ्या चेंडूचा गाभा बेढब. फिरकी देऊन टाकला की तो आतल्या आत आपली बैठक बदलत राहतो, त्यामुळे चेंडू दर फेऱ्याला नव्या, कोऱ्या जागेवर टेकतो. खेळायच्या लांब लाकडी फळीवर लावलेल्या तेलावरून घसरत जातो आणि पुढे कोरडी फळी लागली की पकड घेऊन एकदम वळतो. हे आईला कसं सांगायचं, याची मी वाटेत मनातल्या मनात तयारी करत होते.

सडक अर्जुनीला एसटी बदलली. बस भरलेली होती. पिशवी सीटखाली सारून मी खिडकीशी बसले. नवेगावच्या पुढे गाईंचा कळप आडवा आला, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला आणि पिशवीची शिवण उसवून चेंडू मधल्या वाटेवर आला. धड सरळही गेला नाही. डगमगत, एकदा इकडे, एकदा तिकडे झुकत पुढे गेला आणि पहिल्या सीटच्या लोखंडी पायाला ठण्णकन आदळला. बस थांबली, पण तो थांबेना. जड बाजू खाली येईपर्यंत जागच्या जागी डुलत राहिला.

"हालून राहिला! आपल्या मनानं हालून राहिला!" पुढच्या सीटवरचा म्हातारा ओरडला. "बाम हाय बाम!"

आमच्या भागात नक्षल्यांच्या सुरुंगांच्या बातम्या ऐकतच माणसं मोठी झालीत. कोणी दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. लेकरं खिडकीतून बाहेर दिली गेली, गठुडी तशीच राहिली. "चेंडू आहे, माझा खेळायचा चेंडू आहे," असं मी ओरडत होते, पण गर्दीनं मलाही खाली ढकललं. सगळे रस्ता सोडून धानाच्या बांधावर जाऊन उभे राहिले. एका बाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्याच खालून निघाला." त्यानंतर माझ्या आजूबाजूला कोणी उभं राहिना.

कंडक्टरनं फोन केला. पोलिसांची गाडी आली. साहेब बाहेरगावचे होते, शांत बोलत होते, आणि त्या शांतपणाचीच मला जास्त भीती वाटली.

"काय आहे ते?"

"बोलिंगचा चेंडू, सर."

"प्रवासी म्हणतात आपोआप हलत होता."

"आतलं वजन एका बाजूला आहे, सर. म्हणून."

त्यांनी पेन थांबवलं. "आत काय आहे?"

माझ्या तोंडून खरं तेच निघालं. "गाभा."

"कसला गाभा?"

बल्ब, तेल, फिरकी, कोरडी फळी, मी सगळं सांगितलं. जितकं सांगत गेले तितकं ते खोटं वाटत गेलं. माझं मलाच. एक शिपाई माझा मोबाइल घेऊन गेला. साहेब म्हणाले, "गोंदियाहून बॉम्बशोधक पथक येतंय. तोवर इथंच बसायचं." मी मातीत बसले. तहान लागली होती, पण पाणी मागायची हिंमत होईना.

केशोरीत बातमी माझ्याआधी पोचली होती. पोरगी बाम घेऊन सापडली म्हणे. आई शेजारच्या एकाच्या मोटारसायकलवर आली. उतरली, मला पाहिलं.

"तुहाच हाय का तो?"

"हो माय. चेंडू आहे फक्त."

सगळे माझ्याकडे बघत असताना ती चालत बसपाशी गेली आणि पायरी चढली. साहेब ओरडले, "ओ बाई! मागे या!" दोन शिपाई धावले आणि बसपासून काही अंतरावर थबकले. खिडकीतून मला आईचं डोकं दिसलं. ते खाली गेलं, मग वर आलं. चेंडू तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता.

त्या क्षणी मला वाटलं, नागपूरच्या स्टँडवर मी चहा घेत होते तेव्हा पिशवी बाकावरच होती. कोणी आतला चेंडू बदलला असेल तर? पिशवी मी पुन्हा उघडून कुठं पाहिली होती? "माय, ठेव! खाली ठेव तो!" मी किंचाळले. लोक आणखी मागे सरले. माझीच खात्री गेली, हे सगळ्यांनी ऐकलं.

आईनं चेंडू हळूच सीटवर ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि उतरून आली. साहेबांनी तिला खूप झापलं. ती मान खाली घालून ऐकत होती.

पथक आलं. कुत्र्यानं चेंडू हुंगला आणि तोंड फिरवलं. मग त्यांनी एक यंत्र लावून चेंडूच्या आतलं चित्र काढलं. साहेबांनी मला बोलावून पडदा दाखवला. गोल करड्या सावलीत तो बल्बच्या घाटाचा गाभा, तिरपा, तीन भोकांशेजारी.

"हाच का?"

"हाच, सर."

"सही कर आणि जा. आणि हे असलं गावात घेऊन फिरू नकोस."

घरी पोचल्यावर आईनं चहा मांडला. कपात ओतताना तिच्या हातून अर्धा चहा ओट्यावर सांडला. मी किटली तिच्या हातून घेतली.

"कायले गेलीस वो आत? फुटला असता तर?"

"मले काय मालूम होतं आत काय हाय," ती म्हणाली. "समदे तुह्याकडं तसे पाहून राह्यले होते. ते मले पाहवलं नाही."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका आल्या, पण उंबऱ्याच्या आत कोणी आली नाही. चेंडू कोपऱ्यात गोधडीखाली होता. तो कसा वळतो ते आईला दाखवायचं राहूनच गेलं. ती विचारत नव्हती आणि मलाही गोधडी उचलवत नव्हती.