अर्ध्या-अर्ध्या दोन डब्या
अगं, जरा कान इकडे कर, फोनवर नुसतं ‘अच्छा मावशी’ म्हणून पळतेस! आज फ्रिजवरचं चुंबक पुसलं आणि आपल्या द्वारकेच्या घरातलं तुझं संशोधन आठवलं. अर्ध्या-अर्ध्या दोन डब्या दिसल्या की एकीत ओतायची माझी खोड; तू प्रयोगशाळेतून घरी आणलेले चांदीसारखे चमकणारे धातूचे खडेही मी तसेच ओतले. संध्याकाळी तू रडवेली झालीस, ‘मावशी, एका डबीतल्या खड्यांत थोड्या लोखंडाच्या जागी कोबाल्ट होता, तेवढ्यानं आतल्या चुंबकत्वाची सगळी मांडणीच बदलते. मीच घाईत मिसळले वाटतं.’ आणि मी मेली वर म्हणाले, ‘धांदरटच आहेस तू!’ महिनाभर तू एकेक खडा पुन्हा तपासत बसलीस. माझी मान अजून वर होत नाही गं. लवकर घरी ये, तो शब्द तुझ्यासमोर परत घ्यायचाय.